‘सर्वदा आनंद करा’ हे वचन शोकातल्या माणसाने कसं ऐकावं?

भांडुपच्या एका ताईंनी विचारलंय: ‘आठ महिन्यांपूर्वी माझे मिस्टर कॅन्सरने गेले. आम्ही सगळ्यांनी उपास केले, प्रार्थना केल्या, तरी ते गेले. मंडळीतले लोक म्हणतात, रडू नका, ते प्रभूकडे आहेत, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. एकजण तर म्हणाले की विश्वास कमी पडला. मला उपासनेत गीत गाता येत नाही, घशात अडकतं. घरी प्रार्थना सुचत नाही. मध्ये एकदा मुलीच्या बोलण्यावर मोठ्याने हसले आणि मग रात्रभर अपराधी वाटत राहिलं. आता नाताळ येतोय, मुलगी विचारते तारा लावायचा का. ख्रिस्ती माणसाला दुःखात आनंद सापडतो म्हणतात, तो कसा?’

सलाम ताई.

मी मुंबईतल्या एका मराठी मंडळीचा पाळक आहे. परळच्या हॉस्पिटलांत आजाऱ्यांना भेटणं आणि शिवडीच्या दफनभूमीत कुटुंबांबरोबर उभं राहणं हे माझं गेल्या अनेक वर्षांचं काम. तुमच्यासारखे प्रश्न मला बहुतेक वेळा लिहून कोणी विचारत नाही. उपासना संपल्यावर, सगळे गेल्यावर, चपला घालता घालता विचारतात. तुम्ही सगळं स्पष्ट लिहिलंत म्हणून मीही सविस्तर लिहितो.

आधी विश्वास कमी पडल्याचं बघू, कारण ते वाक्य मनात राहिलं तर पुढचं काही ऐकू येणार नाही. ते वाक्य चूक आहे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली आणि तो काटा राहिला. त्याने त्रफिमाला मिलेतात आजारीच सोडलं, हे त्याने स्वतः तीमथ्याला लिहिलंय. आणि गेथशेमाने बागेत प्रभू येशूने जो प्याला दूर कर म्हणून प्रार्थना केली, तो दूर झाला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं कोणी म्हणेल का? मग तुमच्या घरातल्या उपासांना आणि प्रार्थनांना ते माप लावायचा अधिकार कोणालाच नाही. त्या प्रार्थना म्हणजे तुमचं मिस्टरांवरचं प्रेमच होतं, देवासमोर मांडलेलं. त्यातलं काही वाया गेलेलं नाही.

आता ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ हे वचन. ते पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. आपल्याकडे ते कॅलेंडरवर आणि भिंतीवरच्या पाटीवर एकटंच छापलेलं असतं, म्हणून आपण ते एकटंच ऐकतो. एखाद्या दुपारी ते पूर्ण पत्र वाचा. चारच अध्याय आहेत, अर्ध्या तासात होतं. लिहिणारा माणूस कैदेत आहे. सुटका होईल की मरण येईल, दोन्ही शक्यता त्याच्यासमोर आहेत. दुसऱ्या अध्यायात तो आपल्या एपफ्रदीत नावाच्या सोबत्याबद्दल सांगतो, की तो मरणाच्या दारी पोहोचला होता, पण देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. लक्षात घ्या ताई, ‘सर्वदा आनंद करा’ लिहिणारा माणूस त्याच पत्रात सांगतोय की माझा माणूस गेला असता तर मी दुःखात बुडालो असतो. ‘तो प्रभूकडे गेला असता, मग काय हरकत होती’ असं तो लिहीत नाही. याच पत्राच्या पहिल्या अध्यायात मात्र तो म्हणतो की ख्रिस्ताजवळ जाऊन असणं फार चांगलं. दोन्ही एकाच हाताने लिहिलंय. तिसऱ्या अध्यायात आणखी एका गोष्टीबद्दल तो म्हणतो की हे मी रडत सांगतोय. म्हणजे चौथ्या अध्यायातला आनंद डोळे कोरडे करून मग लिहिलेला नाही.

करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो स्वतःचं वर्णनच असं करतो: दुःखी, तरी सर्वदा आनंद करणारे. आधी दुःख संपलं आणि मग आनंद आला, असा क्रम त्यात नाही. दोन्ही एका घरात, एका वेळी.

हे कसं शक्य आहे? माझ्या समजुतीप्रमाणे याचं कारण ख्रिस्ती विश्वासाचं मरणाबद्दलचं म्हणणं. आपला विश्वास मरणाला गोड नाव देत नाही. पहिल्या करिंथकरांच्या पंधराव्या अध्यायात मरणाला शेवटचा शत्रू म्हटलंय. शत्रूने घरात शिरून आपला माणूस नेला तर रडणंच योग्य. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला तेव्हा काही क्षणांत आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं. तरीही तो रडला. लाजराच्या बहिणींना, मार्था आणि मरीयेला, त्याने ‘आता बघा मी काय करतो, रडणं बंद करा’ असं म्हटलं नाही. आणि करिंथकरांच्या त्याच पंधराव्या अध्यायात हा शत्रू हरलाय असंही म्हटलंय, कारण ख्रिस्त मेलेल्यांतून उठलाय. आपला आनंद तिथून येतो. तो आपल्या मनाच्या अवस्थेवर अवलंबून नाही, रिकाम्या कबरेवर आहे. तुम्हाला आज काही वाटो न वाटो, ती कबर रिकामीच आहे. म्हणून तो आनंद तुम्ही तयार करायचा नसतो. थेस्सलनीकाकरांनाही पौलाने शोक करू नका असं सरसकट सांगितलेलं नाही, आशा नसलेल्या लोकांसारखा करू नका असं सांगितलंय. आशा ठेवून रडायचं.

तुमच्या मंडळीतल्या लोकांबद्दल एक सांगतो. ‘रडू नका’ म्हणणारे बहुतेक जण तुमचं दुःख बघवत नाही म्हणून म्हणतात. त्यांना काय बोलावं ते कळत नाही. ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, तोवर त्यांनी योग्य तेच केलं. बोलायला लागले तिथून बिघडलं. हे वाचणाऱ्यांत मंडळीतले पंच किंवा स्त्री-मंडळाच्या बहिणी असतील तर माझी हात जोडून विनंती आहे. वचन ऐकवायची घाई करू नका. डबा घेऊन जा, बसा, त्या माणसाचं नाव घेऊन त्याच्याबद्दल बोला. माणूस गेल्यावर महिन्याभरात त्याचं नाव घरात कोणी घेईनासं होतं, आणि बायकोला तेच सगळ्यात जास्त लागतं.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं ते आता. पौलाचं ते पत्र एका विधवेच्या घरी पोस्टाने आलेलं नव्हतं. ते अख्ख्या मंडळीसमोर मोठ्याने वाचलं गेलं. आनंद करा ही आज्ञा सगळ्या जमलेल्या लोकांना मिळून आहे. त्यांच्यात त्या आठवड्यात कोणाचं लग्न झालं असेल, कोणी तुरुंगात असेल, कोणाचं मूल गेलं असेल. जो आज गाऊ शकतो तो गाईल, जो गाऊ शकत नाही तो त्याच्या शेजारी उभा राहील, आणि आनंद मंडळीत जिवंत राहील. रोमकरांच्या पत्रात म्हटलंय ना, आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. दोन्ही एकाच बाकावर होतं.

आमच्या मंडळीत एक काका आहेत. रेल्वेत होते. बायको गेल्यावर ते दर रविवारी यायचे, गीताला उभे राहायचे, पण तोंड मिटलेलं. त्यांच्या शेजारी एक म्हाताऱ्या मावशी बसायच्या, आवाज फाटलेला, सूर थोडा वर. त्या गीतपुस्तक काकांच्या पुढ्यात धरायच्या आणि बोट ओळीवरून फिरवत मोठ्याने गायच्या. काकांनी गावं म्हणून नव्हे, ओळ कुठे चाललीय ते त्यांना दिसावं म्हणून. काकांना एका शब्दानेही कधी ‘गा’ म्हणाल्या नाहीत. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मग एका रविवारी तिसऱ्या कडव्याला काकांचा आवाज आला, घोगरा, एकाच ओळीपुरता, आणि परत बंद झाला. मावशींनी वळून बघितलंसुद्धा नाही, बोट पुढच्या ओळीवर गेलं. मी पुलपिटवरून ते बघत होतो. काकांनी मला नंतर सांगितलं, ‘पाळकसाहेब, इतके दिवस माझा आनंद त्यांच्याकडे ठेवायला होता.’

ताई, तुम्हाला गाता येत नाही तर गाऊ नका. पण घरी बसू नका. गाणाऱ्यांच्या मध्ये उभ्या राहा. कोणी विचारलं तर सांगा, तुम्ही माझ्यासाठी गा. असं सांगणं हासुद्धा विश्वासच आहे.

आता प्रार्थना सुचत नाही त्याचं. सुचायची गरज नाही, लिहून ठेवलेल्या प्रार्थना आहेत. दीडशे स्तोत्रांपैकी बरीच मोठी संख्या विलापाची आहे, आणि आपल्या उपासनांत आपण ती जवळजवळ वाचतच नाही. तेरावं स्तोत्र घ्या, सहाच वचनं आहेत. सुरुवातच ‘कोठवर?’ या प्रश्नाने होते, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि सहाव्या वचनात गाणं आहे. एका दिवशी सहाव्या वचनापर्यंत पोहोचाल, एका दिवशी दुसऱ्यावरच थांबाल. थांबा. आणि ज्या दिवशी काहीच उजेड नसेल त्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवं वाचा. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी आशेचं वचन नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, देवाने ते काढून टाकलेलं नाही. देवासमोर अंधारात संपणारी प्रार्थना चालते, याचा एवढा मोठा पुरावा मला दुसरा माहीत नाही. वधस्तंभावर प्रभूने हेच केलं. स्वतःचे शब्द न शोधता बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’

हे मोठ्याने वाचा. मनात वाचलं की पुढे सरकतं.

मुंबईत अडचण अशी की मोठ्याने वाचायला किंवा रडायला जागाच नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सासू आहे, मुलं आहेत, भिंतीपलीकडे शेजार आहे. कितीतरी बहिणींनी मला सांगितलंय की आम्ही बाथरूममध्ये नळ सोडून रडतो, नाहीतर लेडीज डब्यात खिडकीकडे तोंड करून. तुमच्या मंडळीच्या पाळकांना सांगा की आठवड्यातून एक दुपार मला मंदिर उघडून द्या, सोबत कोणी नको. बहुतेक जण आनंदाने देतील. नाहीतर माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये जाऊन बसा. आपण प्रोटेस्टंट, ते कॅथलिक, याचा इथे काही संबंध नाही. बुधवारी नोव्हेनाच्या प्रार्थनेला तिथे सगळ्या धर्मांचे लोक येतात, हातात मेणबत्ती आणि डोळ्यांत पाणी घेऊन बसतात आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. बुधवारची गर्दी नको असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

हसण्याचं आता. मुलीच्या बोलण्यावर तुम्ही हसलात, ते मिस्टरांना विसरणं नव्हतं. टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये उपचार घेणाऱ्यांचे नातेवाईक दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. कुठून कुठून आलेल्या बायका, कोणाचा नवरा केमोवर, कोणाचं पोर. संध्याकाळी त्या एकत्र बसल्या की त्यांच्यात जो हशा पिकतो, तो मी ऐकलाय. त्यांच्याइतकं दुःख कोणाला असणार? तरी हसतात, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावतात. ज्यांनी हे पाहिलंय ते हसण्याला बेइमानी म्हणणार नाहीत. मी तर म्हणतो, ते हसू देवाने तुमच्याकडे मुलीच्या हाती पाठवलं. पुढच्या वेळी आलं तर घ्या. आणि नंतर रडू आलं तर तेही येऊ द्या.

देव शोकातल्या माणसाला बऱ्याचदा आधी शरीराकडून धरतो. एलीया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. पुनरुत्थानानंतर प्रभूने सरोवराकाठी शिष्यांसाठी विस्तवावर मासे भाजून ठेवले होते आणि ‘या, न्याहारी करा’ म्हणाला. पेत्राशी जे बोलायचं होतं ते खाणं झाल्यावर बोलला. तुम्ही नीट जेवताय का? एकटीसाठी कशाला भाजी करायची म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढत असाल तर ते आधी थांबवा. मिस्टरांना आवडायची ती भाजी करायला जीव होत नसेल तर नका करू, दुसरी करा. पण ताट वाढून, मुलीबरोबर बसून जेवा.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य मी शोकातल्या बहिणींना मुद्दाम सांगतो. १८७४ च्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न झालं आणि दोन वर्षं व्हायच्या आत, १८८२ मध्ये, नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात तान्ही मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १८८९ साली त्यांनी आपल्या याच मुंबईत, चौपाटीला, विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना त्यांनी केडगावला आसरा दिला. लोक हे सगळं विजयाची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यातलं शेवटचं वर्ष जास्त मोलाचं वाटतं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, ती एकटी उरलेली लेक, कामातला उजवा हात. रमाबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या, कान जवळजवळ गेलेले. त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं हाती घेतलेलं काम पुरं केलं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांना रोज आनंद ‘वाटत’ होता असं मी म्हणणार नाही. वाटलं नाही त्या दिवशीही त्या टेबलाशी बसत होत्या. ख्रिस्ती आनंद बऱ्याचदा बाहेरून असाच दिसतो.

एक व्यवहाराचं सांगून टाकतो. आठ महिन्यांनी दुःख असणं हा आजार नाही. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, अंघोळ, मुलीची शाळा, नोकरी काहीच जमत नाही, किंवा ‘मीही गेले तर बरं’ असा विचार येतो, असं असेल तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवेत. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत मानसोपचार विभाग आहेत. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. मरण्याचा विचार येत असेल तर आजच फोन करा, रविवारची वाट बघू नका. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. लूक स्वतः वैद्य होता आणि पौलाबरोबर फिरत होता.

आता नाताळ. पहिला नाताळ सगळ्यांना जड जातो, त्यामुळे तो कसा निभवायचा ते आधी ठरवून ठेवा. मध्यरात्रीची उपासना जमणार नाही असं वाटत असेल तर पंचवीस तारखेच्या सकाळच्या उपासनेला या. मागच्या बाकावर, दाराजवळच्या टोकाला बसा. शेवटच्या गीताच्या आधी उठून गेलात तरी चालेल, तुमच्या पाळकांना तेवढं आधी सांगून ठेवा म्हणजे कोणी मागे धावणार नाही. नाताळाचा फराळ यंदा सगळा घरी करू नका. करंज्या एखाद्या बहिणीकडून घ्या. पण एक पदार्थ मुलीला बरोबर घेऊन घरीच करा. चोवीस तारखेला दिवसा मिस्टरांच्या कबरेवर जायचं असेल तर जा, फुलं घेऊन जा, मुलीला यायचं असेल तर येऊ द्या, नसेल तर आग्रह नको. तिथे रडलात तर नाताळ बिघडला असं मानू नका. पहिल्या नाताळाच्या गोष्टीतही हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमातल्या बाळांच्या आया रडत होत्या, मत्तयाने ते लिहून ठेवलंय.

आणि तारा. मुलगी विचारतेय म्हणजे तिला लावायचाय. दरवर्षी मिस्टर लावायचे असं मला वाटतंय, म्हणून तुम्ही थबकलात. मंडळीतल्या तरुण संघाच्या एखाद्या मुलाला स्टूल घेऊन बोलवा, वायर नवीन घ्या, जुनीचा भरवसा नाही, आणि गॅलरीत लावा. तुम्हाला त्या रात्री त्याच्याकडे बघवलं नाही तर बघू नका, मुलगी बघेल.